पणबंदी

एक नगर होतं आणि तिथे कोणाला कशाचीच कमी नव्हती, पण.

वाक्य अर्धं वाटतंय ना? नाही, ते तिथेच संपतं. त्या नगराची सगळी गोष्ट त्या शेवटच्या शब्दात आहे, आणि नेमका तोच शब्द तिथे बोलायला बंदी होती. हल्ली माझ्या दुकानात ट्रायलला येणारी माणसं आरशासमोर उभी राहून उसासे टाकतात, "तेव्हा काय शांतता होती, नाही?" ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. एरवी तोंडात टाचण्या धरलेल्या असतात म्हणून मी गप्प बसते. आज टाचण्या डबीत ठेवल्या आहेत.

मी शिंपीण. चौकाच्या कोपऱ्यावरचं दुकान माझं. पुढे कापायचं टेबल, मागे पडदा आणि आरसा, आणि खिडकीशी मावशीची खुर्ची. आई गेल्यावर मावशीनेच मला वाढवलं, कात्री धरायला शिकवलं, आणि आता डोळे अधू झाले तरी काजं-बटणं तीच करते. तिच्याइतकं बारीक काज मला अजून जमत नाही. हे ती मला रोज ऐकवते.

आता नगराचं. तिथले रस्ते जातानाही उताराचे होते आणि येतानाही उताराचेच. कसे ते विचारू नका, बांधणाऱ्यांनाही सांगता यायचं नाही. पाऊस आधी दार वाजवून विचारायचा, कपडे वाळत घातलेत का, आणि घातले असतील तर पुढच्या गल्लीत जायचा. चौकातलं घड्याळ बघणाऱ्याच्या सोयीची वेळ दाखवायचं, त्यामुळे त्या नगरात कोणालाच कधी उशीर होत नसे. आणि ज्या नियमाचा सगळ्यांना सर्वांत जास्त अभिमान होता तो म्हणजे कोणी कोणाचं वाक्य तोडायचं नाही. बोलणारा थांबेपर्यंत ऐकायचं. एकदा पावाच्या दुकानात एक आजोबा आपल्या गुडघ्याविषयी बोलायला लागले आणि वाक्य काही आवरेना. मागची सगळी रांग पाव शिळे होईपर्यंत उभी होती. शेवटी पूर्णविराम आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हे सगळं छानच होतं, मी नाही म्हणत नाही. बिघडवलं ते कोडेवाल्याने.

हा आमच्याच गल्लीतला. पूर्वी वर्तमानपत्रात शब्दकोडी करायचा. कोडी करणाऱ्या माणसाचं एक असतं, त्याला शब्द दिसतो तो चौकोनांत बसवलेला, आणि अर्थ कुठेतरी खाली बारीक अक्षरात. पुढे तो नगराचा सुखाधिकारी झाला. मावशी मात्र त्याला कायम कोडेवालाच म्हणत राहिली.

तर या कोडेवाल्याला प्रश्न पडला की इतकं सगळं दिलं तरी माणसं कुरकुर का करतात. तो कान देऊन ऐकत गल्लोगल्ली फिरला आणि एके सकाळी चौकात फळा मांडून उभा राहिला. "मला रोग सापडलाय," तो म्हणाला. "घर छान आहे, पण भिंतीला ओल येते. नवरा चांगला आहे, पण घोरतो. दर वेळी सुखाचं वाक्य सरळ चालत येतं आणि या एका शब्दाला अडखळून पडतं." मग त्याने खडूने फळ्यावर शब्द लिहिले. आजारपण. म्हातारपण. एकटेपण. परकेपण. दडपण. "आता बघा चोर कुठे लपून बसलाय ते!" असं म्हणून त्याने फडक्याने प्रत्येक शब्दाची शेपटी पुसून टाकली. आजारपण नाहीसं झालं. एकटेपण नाहीसं झालं. दडपणाचं नुसतं दड उरलं, आणि दड म्हणजे काय ते कोणालाच ठाऊक नव्हतं. लोकांनी टोप्या उडवल्या. सगळ्यांत आधी टाळ्या कोणी वाजवल्या असतील तर त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी.

पणबंदी झाली. त्याच दिवशी परंतु गेलं, किंतु गेलं, मात्र गेलं. तरी राहिलं, तरी त्याच्यावर नजर होती.

आता फडकं काय, ते हात फिरवू तिथे फिरतं. ते थोडंच विचारतं तू चांगला शब्द की वाईट? शहाणपण गेलं. लहानपण गेलं. माणूसपण गेलं. समोरच्या घरातल्या पणजीबाई नुसत्या जीबाई झाल्या, आणि त्यांच्या पणतूला सगळे नुसतं तू म्हणायला लागले, ते तसंही म्हणायचेच. बाटल्यांना टोपणं होती, ती मागायची कशी एवढाच प्रश्न होता. "नगरातलं मीपणही गेलं!" असं कोडेवाल्याने छाती काढून जाहीर केलं. मीपणातलं पण गेलं आणि नुसता मी उरला, हे त्याच्या गावीही नव्हतं.

आणि आपण गेलं. प आणि ण शेजारी शेजारी दिसले ना त्याला, झालं! ते गेलं तेव्हा कोणी हूं की चूं केलं नाही. "चला, आपण जेवू या" असं म्हणायच्या ऐवजी माणसं म्हणायला लागली, "मी जेवतो, तुम्ही जेवा." त्याच टेबलाशी, त्याच भांड्यातलं. सांगा मला, याला काय म्हणायचं?

शिक्षा वगैरे नव्हती बरं का. शिक्षा वाईट नगरांत असते. आमच्याकडे मऊ शिपाई होते. पायांत कापडी जोडे, हातांत लोकरी मोजे, खिशात टॉफ्या. कोणाच्या तोंडून तो शब्द निघाला की शिपाई लगबगीने यायचा, हसायचा आणि एक मोठी चिकट टॉफी तोंडात कोंबायचा. दात दातांना असे चिकटायचे की पुढचं वाक्य पोटात. मावशीची तर कवळी. पहिल्या आठवड्यात तिने इतक्या टॉफ्या खाल्ल्या की कवळी टॉफीबरोबरच बाहेर आली आणि शिपायाच्या लोकरी मोज्याला चिकटून बसली. तेव्हापासून ती गप्प झाली.

मावशी गप्प झाली म्हणजे काय झालं ते तुम्हाला कळायचं नाही, कारण तुम्ही तिची पूर्वीची भाषा ऐकलेली नाही. ती कशालाच नुसतं चांगलं म्हणायची नाही. "भाजी छान झालीये, पण मीठ जरा रुसलंय." "कॉलर सुरेख बसलीये, पण डाव्या टोकाला बघ." मी लहान असताना रडायचे त्या पणला. पुढे मला कळलं की जे तिचं नाही त्याला ती नुसतं छान म्हणते आणि सोडून देते. पण लावायचा तो आपल्या माणसाला. तो शब्द येण्याआधी तिचा उजवा हात वर जायचा, अंगठा आणि दोन बोटं जुळलेली, चिमटीत सुई धरल्यासारखी. सगळ्या चौकाला तो हात माहीत होता. हात वर गेला की लोक म्हणायचे, आलं आता.

बंदीनंतर ती म्हणायची, "भाजी छान झालीये," हात वर जायचा, थोडा वेळ तिथेच थांबायचा आणि खाली यायचा. शेजारणी मला म्हणाल्या, "बघ, मावशीसुद्धा समाधानी झाल्या!" मला त्या बायकांच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या.

माझ्या धंद्याचं तर विचारूच नका. कपडा शिवायचा म्हणजे आधी कच्च्या टाक्यांवर जोडायचा, अंगावर चढवून बघायचा, आणि गिऱ्हाईक म्हणणार, "बसतोय छान, पण मुंढ्यात ओढतोय." मुंढा म्हणजे बाही जिथे खांद्याशी जोडतात ती जागा. तिथे चूक झाली की हात उचलता येत नाही. त्या एका पणवर आम्ही शिंपी जगतो. तो ऐकायचा, टाके उसवायचे, परत घालायचे. आता सगळे आरशासमोर उभे राहून म्हणायचे, "छान!" आणि काखेत काचत असलेला कोट घालून, कोपरं बाहेर काढून, हसत हसत घरी जायचे. चौकात बघावं तर सगळं नगर पंख सुटे करून चाललेल्या कोंबड्यांसारखं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. मग पाववालीला नेलं.

पाववाली म्हणजे मावशीची मैत्रीण. मैत्रीण म्हणजे रोज सकाळी दोघी भांडायच्या. "पाव छान फुललाय, पण खालून करपलाय." "काज छान झालंय, पण बटण कुठाय?" असं भांडून झालं की दोघींचा दिवस सुरू व्हायचा. त्या वर्षी पाववालीला खोकला धरला, ताप उतरेना, भट्टीपुढे उभं राहवेना. डॉक्टरांना काही लिहिता येईना, कारण आजारपण तर नगरात नव्हतंच. म्हातारपणही नव्हतं. मग तिला काय झालं होतं? कोडेवाल्याने शब्द शोधून काढला. ती पूर्ण झाली होती. जिला आता आणखी काही नको, ती पूर्ण. अशा माणसांसाठी टेकडीवर पूर्णघर बांधलं होतं.

तिला मैदानात आणलं, हार घेऊन कोडेवाला पुढे झाला आणि त्याने विचारलं, "सुखी आहात?" ती म्हणाली, "हो." तिला पुढे बोलायचं होतं, मावशीला ते दिसलं, मलाही दिसलं. तिने खोकून घसा साफ केला, तेवढ्यात पूर्णविराम झाला असं समजून बँडने दणका उडवला आणि तिला पालखीसारख्या खुर्चीतून वर नेलं. तिच्यामागून कितीतरी जणांना नेलं. खाली कोणी परत आलं नाही. का येतील, लोक म्हणायचे, त्यांना काही तक्रारच नाही.

आणि मग एक दिवस मऊ शिपाई फुलं घेऊन माझ्या दुकानाच्या पायरीवर उभे राहिले.

"अभिनंदन! मावशी पूर्ण झाल्या," त्यातला एक जण हसत म्हणाला.

मावशी खिडकीत काज करत होती. तिने सुई कापडात खोचून ठेवली आणि फुलांकडे बघितलं. "छान आहेत," ती म्हणाली. हात वर गेला, थांबला, खाली आला.

मी मापाची टेप तशीच गळ्यात ठेवून तरातरा सुखाधिकाऱ्याच्या कचेरीत गेले. निमित्त होतंच, समारंभासाठीचा त्याचा नवा कोट मीच शिवत होते आणि ट्रायल बाकी होती. त्याच्या खोलीत सगळ्या भिंतींवर चौकोन आखलेले होते, काही काळे, काही पांढरे. त्याने हात पसरले आणि मी कोट चढवला.

"माझ्या मावशीला का नेताय?" मी विचारलं.

"सुखी नाहीत का त्या?"

"आहे. प..." दारातल्या शिपायाचा हात खिशात गेला. मी शब्द गिळला. "ती माझी आहे. तिला माझ्याजवळ राहायचंय."

"ताई," तो मऊ आवाजात म्हणाला, "मी कोणाला जबरदस्तीने नेत नाही. भर मैदानात विचारतो. आजवर प्रत्येकाने हो म्हटलंय. एकानेही नाही म्हटलेलं नाही. याहून न्याय्य काय असतं?"

मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. अर्धं वाक्य कापून घ्यायचं आणि उरलेल्या अर्ध्याला न्याय म्हणायचं! वर तो खरंच भल्या मनाने बोलत होता. दुष्ट असता तर मी त्याला कात्री दाखवली असती.

"हात वर करा," मी म्हणाले. त्याने केले. मुंढ्यात कापड ओढलं गेलं आणि काखेपासून पाठीवर आडवी सुरकुती पडली. त्याचा चेहरा लाल झाला.

"कसा बसतोय?"

"छान," तो म्हणाला.

"पुढे काही?"

"काही नाही. छान."

मला सुरकुती दिसत होती. कच्चा टाका उसवून बोटभर सैल करायला कितीसा वेळ लागतो? मी तशीच पक्की टीप मारली.

दुकानात आल्यावर मी मावशीपुढे जमिनीवर बसले. "हे बघ, तो विचारेल तेव्हा सरळ नाही म्हण. सुखी नाही म्हण. मग ते नेऊ शकत नाहीत."

"खोटं कसं बोलू?" ती म्हणाली.

"माझ्यासाठी बोल."

"अगं, सुखी आहेच की मी. खिडकीत बसते, काजं करते, तुझ्या चुका बघते. सुखी नाही तर काय? चारचौघांत उभं राहून म्हणू, की या पोरीकडे मी सुखी नाही?" तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "माझं उत्तर नाही असं नाहीये. माझं उत्तर आहे, हो, ..." आणि हात वर गेला. चिमटीत सुई धरल्यासारखा. मी त्या हाताकडे बघत राहिले. तिला जायचं नव्हतं, हे त्याहून स्वच्छ कोणी काय सांगणार? आणि ते ऐकायला नगरात कायद्याने कोणी नव्हतं.

समारंभाचा दिवस उजाडला. अख्खं नगर मैदानात, कोपरं बाहेर, चेहऱ्यांवर हसू. बँडवाला काठी घेऊन तयार. मावशीने तिची निळी साडी नेसली होती आणि मी तिच्या मागे इतकी चिकटून उभी होते की शिपायाने मला मोज्याने हळूच मागे सारलं. कोडेवाला नवा कोट घालून आला. हार दोन्ही हातांनी उंच धरायचा, प्रश्न विचारायचा आणि उत्तर येताच गळ्यात घालायचा, अशी पद्धत.

त्याने हार उंच धरला. माझी टीप ताणलेली मला लांबूनही दिसली.

"सुखी आहात?"

"हो," मावशी म्हणाली.

बँडवाल्याची काठी वर गेली. आणि त्याच वेळी मावशीचा हात वर गेला.

तिने आवाज खाली येऊच दिला नाही. हो तसाच वर टांगलेला ठेवला, आणि त्याच्या शेजारी हात. सगळ्यांना तो हात माहीत होता. वाक्य संपलेलं नव्हतं, ते आंधळ्यालाही दिसलं असतं. पुढचा शब्द बोलायला बंदी होती आणि मागचं वाक्य तोडायलाही बंदी होती. बँडवाल्याने काठी हवेतच थांबवली. कोडेवाल्याने हार पुढे आणला आणि तसाच मागे नेला. आपल्या लाडक्या नियमाच्या कचाट्यात आपणच सापडलोय हे त्याला कळलं असावं. तोंडाचा चंबू करून तो मावशीकडे बघत राहिला.

"पुढे?" त्याने विचारलं.

मावशीने मान डोलावली. म्हणजे, येतंय, येतंय, थांब.

आम्ही थांबलो. ऊन डोक्यावर आलं. पाऊस येऊन विचारून गेला, कोणी उत्तर दिलं नाही, कारण मावशी बोलत होती. चौकातलं घड्याळ गोंधळून गेलं, इतक्या माणसांना एकच वेळ सोयीची होती आणि ती येत नव्हती. मावशीचा हात हळूहळू झुकायला लागला. मी पुढे झाले आणि तिचं कोपर खालून धरलं. शिपाई मला अडवायला आला आणि थबकला, कारण मी काही बोलले नव्हते.

मग गर्दीतून ते गुडघेवाले आजोबा पुढे आले. "मी सुखी आहे," ते मोठ्याने म्हणाले, हात वर केला आणि तसेच उभे राहिले. त्यांच्या शेजारच्या जीबाईंनी हात वर केला. "घर छान आहे," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मग कोणी नवऱ्याविषयी, कोणी भिंतीविषयी, कोणी पायातल्या जोड्याविषयी एकेक चांगलं वाक्य बोलायला लागलं आणि मध्येच हात वर करून गप्प राहायला लागलं. हात वर करताना सगळ्यांचे मुंढे काचत होते, तोंडं वाकडी होत होती. माझ्याच टिपा त्या. अर्ध्या वाक्यांनी मैदान भरून गेलं. एकालाही तोडता येईना.

आणि सगळ्यांत उंच, हार धरलेले, कोडेवाल्याचे हात. ते खाली घ्यावेत तर समारंभ मोडतो, वर ठेवावेत तर काखेत करवत चालते. घाम त्याच्या नाकावरून हनुवटीवर येत होता. मी त्याच्याकडे रोखून बघत होते. बोल, मी मनात म्हणत होते, बोल रे मेल्या.

"हे सगळं ठीक आहे," तो किंचाळला, "पण माझे हात तुटतायत!"

हारातल्या पाकळ्या गळून पडल्या. मग त्याच्याच मागे उभा असलेला मऊ शिपाई, बिचारा सवयीचा गुलाम, लगबगीने पुढे आला, हसला आणि त्याने एक मोठी चिकट टॉफी सुखाधिकाऱ्याच्या तोंडात कोंबली.

कोण आधी हसलं ते मला माहीत नाही. मी हसले नाही. मी मावशीकडे बघत होते. तिने हात खाली घेतला, ओठांवरून जीभ फिरवली आणि इतके महिने गिळलेला शब्द एकदाचा बाहेर काढला.

"पण पाववाली कुठाय?"

बस्स, एवढंच. मला वाटलं होतं ती स्वतःविषयी बोलेल. मला घरी राहायचंय म्हणेल, पोरीला सोडून जायचं नाही म्हणेल. तिचं वाक्य पहिल्यापासून वेगळंच होतं. हसणाऱ्यांनी टेकडीकडे बघितलं. प्रत्येकाच्या घरातलं कोणी ना कोणी वर गेलेलं होतं, आणि हा प्रश्न विचारायला कोणाकडे शब्द नव्हता अशी समजूत सगळ्यांनी करून घेतली होती. शब्द होता. टॉफीला भ्यायलो होतो, टॉफीला!

"चल," मावशी मला म्हणाली. आणि मग मागे वळून सगळ्यांना म्हणाली, "चला, आपण बघून येऊ."

आपण. मी सांगते, तो शब्द कानावर पडला तेव्हा मैदानातली माणसं एकमेकांकडे अशी बघायला लागली जशी एकाच घरात राहून बरेच दिवस भेटली नव्हती. "मी पण येतो," आजोबा म्हणाले. "मी पण." "आम्ही पण." कोडेवाल्याने टॉफीतून काहीतरी "मी फण" असं म्हटलं. मावशीने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ये," ती म्हणाली, "पण आधी तो कोट काढ. शिवणारीने डोळे मिटून शिवलाय."

सगळ्या नगरात टेकडीचाच रस्ता तेवढा खरा चढाचा होता. मावशीला आम्ही आळीपाळीने आधार दिला. वर पोचलो तर पूर्णघराभोवती उंच तारांची ओळ. इतके दिवस ती खालून दिसत होती आणि तिला नाव नव्हतं म्हणून कोणाला ती दिसत नव्हती. "अरे, हे तर कुंपण आहे!" कोणीतरी ओरडलं. कुंपण! मग लोकांनी ते ज्या रागाने उपटलं तो राग मला फार आवडला, आणि तो इतका उशिरा आला याचाही मला राग आला.

आत एक लांब खोली, स्वच्छ, पांढरी. भिंतीला लागून खुर्च्या. सगळ्यांना वेळच्या वेळी जेवण होतं, पांघरूण होतं, फुलं होती. ताप आलेल्याला औषध नव्हतं, कारण ताप आलेलाच कोणी नव्हता ना! बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. त्या रिकाम्या खुर्च्यांपुढे आमच्यातली काही माणसं उभी राहिली आणि तिथून हललीच नाहीत. कोडेवाला नुसत्या सदऱ्यात दारात उभा होता. त्याने खुर्च्या बघितल्या, आणि तोंडातली टॉफी हातावर काढली. त्याला काय बोलायचं होतं ते मला ऐकायचंही नव्हतं, नियम असो की नसो.

जीबाईंच्या नावातला पण, रस्त्यांचे चढ, घड्याळाची खरी वेळ, हे सगळं नंतर परत आलं. पाऊस हल्ली न विचारता येतो. आणि तुम्ही माझ्या आरशासमोर उभे राहून म्हणता, तेव्हा किती शांतता होती! ती शांतता मी बघितली आहे. ती त्या पांढऱ्या खोलीत खुर्च्यांवर बसलेली होती.

पाववाली शेवटच्या खुर्चीत होती. ती केवढीशी झाली होती. तिच्या मांडीवर फुलं होती, ताजी, रोज बदललेली. मावशी माझा हात सोडून तिच्यापर्यंत एकटी चालत गेली आणि तिच्यासमोर वाकून उभी राहिली. पाववालीने डोळे उघडले. ओळखायला तिला वेळ लागला.

"आलीस," ती म्हणाली. मग श्वास घेतला, आणि आम्ही सगळे, अख्खं नगर, तिचं वाक्य संपायची वाट बघत उभे राहिलो. "पण किती उशिरा आलीस गं."

मावशीचा हात वर गेला. तिला काही सापडलं नाही. तो हात तिने पाववालीच्या गालावर ठेवला.